शब्दचर्चा: ‘भीती’ की ‘धास्ती’? आणि जुना खेळ ‘टिकतो’ की ‘तगतो’?

नौपाडेकर
मे महिन्याच्या सुट्टीत भाचा खारघरहून आठ दिवस राहायला आला होता. दहावी नुकतीच संपलेली. मित्राने घर बदलताना मला दिलेलं जुनं प्लेस्टेशन माळ्यावरून काढलं आणि त्याला १९९६चा मूळ ‘रेसिडेंट ईव्हिल’, झोंबींनी म्हणजे चालत्या मुडद्यांनी भरलेल्या वाड्यातला व्हिडिओ गेम, लावून दिला. शाळेत असताना त्याच मित्राकडे आम्ही पाच जण पाळीपाळीने हा खेळ खेळायचो. त्याची आई तिन्हीसांजेला दिवा लावायला खोलीत आली तरी आम्ही ओरडायचो.

त्यात पहिला झोंबी भेटतो तो जेवणघरापलीकडच्या बोळात. पाठमोरा वाकून काहीतरी खात असतो, मग सावकाश मान वळवून आपल्याकडे बघतो. त्या क्षणी आम्ही पाचही जण किंचाळलो होतो. भाचा म्हणाला, “मामा, याचं तोंड नीट दिसतच नाहीये.” पुढे काचा फोडून कुत्रे आत येतात तिथे तो जरा दचकला आणि लगेच हसला. मला वाटलं, संपलं, आता याला यात काही गोडी उरली नाही.

तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर हा कंट्रोलर हातात धरून नुसता बसलेला. पिस्तुलात सहा गोळ्या, शाईची फीत एकच उरलेली (दर वेळी खेळ जतन करायला एक खर्च होते), आणि खेळ जतन करायचा टाइपरायटर तीन दारं मागे. “मामा, आत जाऊ की परत फिरू?” पाच मिनिटं तरी तो त्या दारापाशी अडला होता. पडद्यावर काहीही घडत नव्हतं.

याला भीती म्हणावं असं मला वाटेना. सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी या खेळावर लिहायला घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलोय. अशा खेळांना इंग्रजीत ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणता येईल, तेही सुचवा.

घंटाळीचे गुरुजी
याला धास्ती म्हणतात. भीती हा मोठा डबा आहे, त्यात सगळंच मावतं. दचकणं शरीराचं, क्षणाचं, झालं की सरलं. धास्ती मात्र अजून न घडलेल्या गोष्टीचीच असते. आपण निकालाची धास्ती घेतो, निकालाला दचकत नाही. धसका त्याच्याही पुढचा, घडून गेल्यावर आत बसलेला: कुत्रा चावला तेव्हापासून त्याने कुत्र्यांचा धसका घेतला. दहशतीला ती बसवणारा कोणीतरी लागतो, म्हणून गुंडाची दहशत असते. रिकाम्या बोळाची नसते.

तुमचा भाचा दारापाशी धास्तावला होता. तुम्ही पाच जण त्या बोळात दचकला होतात. दोन्हींना ‘घाबरला’ म्हटलंत तर लेखातली खरी गोष्टच हातून निसटेल.

वाशी सेक्टर १७
गुरुजी, पटलं. ही धास्ती खेळात कशी विणली आहे ते मी सांगतो, कारण हा खेळ मी अजूनही वर्षातून एकदा खेळतो.

खेळायला जिल आणि ख्रिस या दोन पात्रांतलं एक निवडायचं. जिलकडे सामान ठेवायला आठ जागा, ख्रिसकडे सहाच. किल्ली एक जागा खाते, गोळ्या एक, औषधाची पाल्याची कुंडी एक. पुढच्या खोलीत काही हाती लागलं तर ठेवायचं कुठे, हा विचार सतत डोक्यात. कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला, त्यामुळे वळणापलीकडचं दिसत नाही, फक्त पाय घासत येणारा आवाज ऐकू येतो. प्रत्येक दार काळोखात सावकाश उघडताना दाखवतात. सीडीवरून पुढची खोली वाचायला वेळ लागायचा, तो झाकायला ही दारं घातली होती. पण त्या चार-पाच सेकंदांत आपणच आपल्याला घाबरवून घेतो. आजच्या यंत्रांना थांबावं लागत नाही, तरी २०१५च्या आवृत्तीत दारं तशीच ठेवली आहेत. मला तो निर्णय फार आवडतो.

आणि तुम्ही म्हणता तो धसका २००२च्या नव्याने घडवलेल्या आवृत्तीत आहे. तिथे गोळी घालून पाडलेला झोंबी जाळला नाही, किंवा त्याचं डोकं उडालं नाही, तर काही वेळाने तोच उठतो, नखं वाढवून, आधीपेक्षा जोरात धावत. जाळायला रॉकेल लागतं आणि बाटली एकदा भरली की दोनदाच पुरते. मग ज्या बोळात आपण स्वतः मुडदा पाडलाय, त्याच बोळातून पुन्हा जायचा धसका बसतो. तिथे दुसरा शब्द चालणारच नाही.

ऐरोलीकर
माझं थोडं वेगळं मत आहे. मी गेल्या वर्षी पहिल्यांदाच खेळलो, म्हणजे लहानपणाची आठवण माझ्या पाठीशी नाही. पहिले दोन तास मला धास्ती नव्हती, वैताग होता. वरचं बटण दाबलं की पात्र वर जात नाही, त्याचं तोंड जिकडे असेल तिकडे जातं. कॅमेरा बदलला की डोक्यात दिशांचा गोंधळ. संवाद शाळेच्या गॅदरिंगसारखे म्हटलेत, आणि सुरुवातीची खऱ्या नटांची फिल्म तर बघवत नाही. लेखात ‘जुना’ आणि ‘जुनाट’ यांत फरक कराच. वाडा जुना आहे, संवाद जुनाट आहेत.

पण एक प्रामाणिकपणे सांगतो. २०१५च्या आवृत्तीत बटण दाबाल तिकडे चालायची सोय आहे. ती लावली आणि झोंबींना सहज बगल देता येऊ लागली. वैताग गेला, पण धास्तीही पातळ झाली. शेवटी मी जुन्याच पद्धतीवर परत आलो.

कोपरीची मावशी
खेळातलं मला कळत नाही, पण ‘शाईची फीत’ वाचून राहवलं नाही. मी स्टेशनजवळच्या टायपिंगच्या क्लासला जायचे, मराठी ३० आणि इंग्रजी ४०. आम्ही तिला रिबनच म्हणायचो, ‘फीत’ कोणाच्या तोंडी नव्हतं. फीत केसांना. आणि रिबन फिकी पडली तरी कोणी लगेच टाकायचं नाही. रीळ उलटवून पुन्हा लावायची, अक्षर पुसट उमटेपर्यंत पुरवायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवी मिळेल का, याची मात्र धास्ती असायची. तुमच्या भाच्याला रिबन पुरवून वापरावी लागते, हे वाचून मला तो मुलगा एकदम जवळचा वाटला.

घंटाळीचे गुरुजी
मावशी, ‘पुरवणं’ हा फार नेमका शब्द दिलात. ‘पाचावर धारण बसणे’ याची एक व्युत्पत्ती अशीच सांगतात. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. रुपयाला पाचच मापं मिळू लागली की दुष्काळ आला, आणि लोकांची गाळण उडाली. म्हणजे घबराटीचा हा वाक्प्रचार टंचाईच्या पोटातून आला. सहा गोळ्या आणि एक रिबन घेऊन दारापाशी थांबलेल्या मुलाला तो तंतोतंत लागू पडतो.

आता सर्व्हायव्हलचं. ‘जगणं’ नको, त्यात सुखानं जगणंही येतं. ‘तगणं’ घ्या. पाऊस नसताना रोप तगतं, दुष्काळात घर तग धरतं. लोणचं टिकतं, ते तगत नाही, कारण त्याच्यावर कोणी चालून आलेलं नसतं. तगण्यात अपुरं सामान आणि उलटी परिस्थिती दोन्ही गृहीत आहेत. ‘तगण्याचा भयखेळ’ म्हणून बघा.

वाशी सेक्टर १७
भयखेळ चालेल. सेव्ह केलेला खेळ पुन्हा सुरू केला की मूळ इंग्रजीत एक ओळ येते, तुम्ही पुन्हा सर्व्हायव्हल हॉररच्या जगात शिरला आहात, शुभेच्छा, अशा अर्थाची. या प्रकाराला ते नाव रूढ झालं ते याच खेळाने. त्याआधी, १९९२चा ‘अलोन इन द डार्क’ आणि १९८९चा जपानी ‘स्वीट होम’ होतेच, आणि हा खेळ ‘स्वीट होम’ नव्याने करायच्या विचारातूनच सुरू झाला. जपानात त्याचं नाव ‘बायोहॅझर्ड’, तेव्हा ‘रेसिडेंट ईव्हिल’चं मराठी करायच्या फंदात पडू नका.

नौपाडेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, ‘रिबन’ केलं.

परिच्छेद असा लिहिलाय: “चित्रं टिकली नाहीत, संवाद जुनाट झाले, दचकवायच्या जागा निकामी झाल्या. धास्ती मात्र तगली, कारण ती पडद्यावर नव्हतीच. ती सहा गोळ्या आणि एक रिबन पुरवण्यात होती.” गुरुजी, ‘तगली’ इथे बरोबर बसतं का? मला वाटतं बसतं. तीस वर्षांत यंत्रं, पडदे, मुलांच्या सवयी सगळं या खेळाच्या विरोधात गेलं.

भाचा त्या रात्री परत फिरला, तीन दारं मागे जाऊन शेवटची रिबन खर्च केली आणि मग झोपला. प्लेस्टेशन तो खारघरला घेऊन गेलाय. काल रात्री साडेबाराला त्याचा मेसेज आला: “मामा, रिबन कुठेच मिळत नाहीये. उद्या तू येतोस का?”

घंटाळीचे गुरुजी
बसतं. ‘निकामी झाल्या’च्या ऐवजी ‘बोथटल्या’ करा.