२५ हजारांचं शाळा अनुदान: टीव्ही घ्यायचा, मुलांचे गट पाडायचे की शाळाच एकत्र करायच्या?

पाटीपेन्सिल
जिल्हा परिषदेच्या ३१ ते १०० पटाच्या शाळेला केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान बसतं, ३० पर्यंत पट असेल तर १०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी. राज्याच्या तिजोरीची अवस्था पाहता हा आकडा लवकर वाढेल असं दिसत नाही.

माझं मत असं की एवढ्या पैशात वाचनात फरक पाडणारी एकच गोष्ट परवडते. तिसरी ते पाचवीची मुलं रोज दीड तास इयत्तेनुसार न बसवता वाचनस्तरानुसार बसवायची. आधी प्रत्येक मुलाला एकेकटं घेऊन तपासा: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात, ४० मुलांची शाळा दोन दिवसांत होते. मग तीन गट: अक्षरापर्यंतचे, शब्दवाले, परिच्छेद आणि पुढचे. सामान म्हणजे बाराखडीचे तक्ते, गोष्टींची कार्डं, गणिताला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि रबरबँड. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून मुलं वर सरकवायची. ती सरकली नाहीत तर गट म्हणजे नुसती नवी 'ढ' तुकडी.

टीव्ही, बोलक्या भिंती, रंगीत कमानी त्यानंतर. कोणाचं वेगळं मत असेल तर कारणांसह लिहा.

हिशेबनीस
ताई, तुम्ही २५ हजारांत अडकलात. शाळेवरचा खरा खर्च पगाराचा आहे. नवा प्राथमिक शिक्षणसेवक घेतला तरी महिना १६,००० मानधन, कायम शिक्षकाचा पगार त्याच्या कितीतरी पट. आता १५-१५ मुलांच्या चार वाड्या धरा. चार शाळा, आठ शिक्षक. त्याच ६० मुलांची एक शाळा केली तर शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्याप्रमाणे दोन शिक्षक पुरतात. मी म्हणतो चार द्या, तरी चार वाचले. तीन वाड्यांतल्या ४५ मुलांचा वाहतूक भत्ता प्रत्येकी वर्षाला ६,००० प्रमाणे २ लाख ७० हजार. एका कायम शिक्षकाच्या वर्षाच्या पगारातही तो बसतो. शिवाय चार शिक्षक असले की तुमचे तीन गटही नीट चालतात. दोन शिक्षकांवर पाच इयत्ता असताना ते कसे चालवणार?

२०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, विषय निघाला तेव्हा सगळे भावनेवर बोलले. गणित कोणी मांडलं नाही.

डांगसौंदाण्याच्या पलीकडचा
गणित मांडू या की. ६,००० भागिले पहिली ते पाचवीचे किमान २०० दिवस म्हणजे दिवसाला ३० रुपये, येऊन-जाऊन. नाशिकच्या पेठ-सुरगाण्यात घाटातल्या वाडीवर ३० रुपयांत कोणता जीपवाला सहा वर्षांच्या पोराला रोज वेळेवर नेणार? भत्ता वर्षअखेरीस जमा होणार, डिझेल रोज लागणार. दोन महिने पैसे थकले की गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणजे मुलगी घरी. मुलगा एखाद वेळेस चालत जाईल, धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी जाणार नाही.

प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हा नियम नकाशावर पट्टीने मोजायचा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये मधला ओढा भरला की पाऊण किलोमीटरसुद्धा लांब. इगतपुरीतल्या दरेवाडीची मुलं शाळा बंद झाल्यावर 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत जिल्हा परिषदेवर आली होती, ती काय भावनेपोटी?

निफाड-सिन्नरच्या सपाटीवर, डांबरी रस्त्यालगत दोन शाळा हाकेच्या अंतरावर असतील तर खुशाल एकत्र करा. तिथे माझी हरकत नाही.

खडूफळा
गटपद्धत चांगली आहे, पण ती कुठे फसते ते धाग्यात आलं नाही.

पहिलं, द्विशिक्षकी शाळेत एक जण कायम बाहेर: बीएलओचं (मतदारयाद्यांचं) काम, ऑनलाइन माहिती, प्रशिक्षण. कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकीची अशैक्षणिक कामं देता येत नाहीत, पण निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर याद्या चालतात. मग पाच इयत्ता आणि तीन गट एकाच्या गळ्यात. अशा वेळी सगळ्यात कच्चा गट वरच्या वर्गातल्या मुलीकडे सोपवला जातो, आणि पद्धत तिथेच मरते. अक्षरगट शिक्षकानेच घ्यायचा. परिच्छेदवाल्यांना कार्डं देऊन जोडीने वाचायला बसवता येतं.

दुसरं, स्तराचा आकडा वर पाठवायचा झाला की तो फुगतो. फेब्रुवारीत सगळी शाळा 'निपुण' (सरकारी भाषेत वाचन-गणित येणारी), जूनमध्ये तीच मुलं अक्षरावर. केंद्रप्रमुखांनी न सांगता येऊन कोणतीही पाच मुलं वाचायला लावावीत आणि शाळेच्या वहीशी ताडून पाहावं. त्या वहीवर कारवाई होणार नाही हे आधी जाहीर करावं, नाहीतर खरं कोणी लिहिणार नाही.

तिसरं, खालच्या गटात बसवलेली कोकणा किंवा अहिराणी बोलणारी सगळी मुलं कच्ची नसतात. शब्द वाचतात, अर्थ लागत नाही. त्यांना बाराखडी पुन्हा घोकवून उपयोग शून्य.

अर्थिंग
टीव्हीला उगाच शिव्या घालू नका. दोष उपकरणाचा नाही, पैसा येण्याच्या तारखेचा आहे. अनुदानाची मर्यादा, म्हणजे शाळेला खर्चता येईल ती रक्कम, खात्यावर पडते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ३१ मार्चला उरलेली परत जाते. पंधरा दिवसांत काय विकत घेता येतं? रंग आणि टीव्ही. गोष्टींची पुस्तकं निवडायला वेळ लागतो.

घेतलाच असेल तर तो टिकतो कसा ते पाहा. दीडशे-दोनशे वॅटचं टीव्ही पॅनेल, रोज दोन तास, महिन्याला दहा युनिटसुद्धा होत नाहीत. बिल फुगतं ते स्थिर आकारामुळे, तो मे महिन्यात शाळा बंद असतानाही लागतो. दोन-चार महिने थकलं की जोडणी तोडतात. सोलर बसवलं तर एक किलोवॅटला उन्हाच्या दिवशी चार युनिटच्या आसपास वीज मिळते, पण बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार हे ठरवा. मे महिन्यात पाणी आटलं, प्लेटा उघड्या पडल्या, की बॅटरी गेली. अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा पडतो. मीठ-कोळसा आणि महिन्यातून दोनदा बादलीभर पाणी, एवढंच काम. पत्रा गळत असेल त्या भिंतीवर बोर्ड लावू नका. देणगीत टीव्ही पॅनेल देणारी कंपनी यातलं काहीच देत नाही. करारात तीन वर्षांची देखभाल लिहून घ्या, नाहीतर नको म्हणा.

पाटीपेन्सिल
@अर्थिंग, मार्चचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच पुस्तकांची आणि कार्डांची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह ऑक्टोबरमध्येच तयार ठेवायची, पैसे पडले त्या दिवशी मागणी. पिण्याचं पाणी, हात धुण्याची जागा यासाठी अनुदान जाळू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२६ पर्यंतच्या) ग्रामपंचायत निधीत ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेले. ग्रामसभेत शाळेचं काम आराखड्यात घालून घ्यायला समितीत पालक तीन चतुर्थांश असतातच.

@हिशेबनीस, वाचलेले चार शिक्षक त्याच तालुक्यात राहतील याची हमी कोण देणार? संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदं ठरवताना, पदं गेली की गेली. जादा ठरलेल्या शिक्षकांचं समायोजन भलतीकडे होतं. सपाटीवरच्या शाळांपुरतं तुमचं मला मान्य आहे, पण वाचलेली पदं आधी लेखी बांधून घ्या.

हिशेबनीस
पदांचं बोललात ते बरोबर, तो माझ्या हिशेबातला कच्चा दुवा आहे. पण दुसरा आकडा बघा. ऑक्टोबर छाटणीपासून पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात, ती खुडा संपेपर्यंत. त्या काळात पटावर १८ आणि वर्गात नऊ. अशा शाळेत तुमचे पंधरवड्याचे गट कोणावर चालवणार?

खडूफळा
उलट तिथेच गटपद्धत उपयोगी. मार्चमध्ये परतलेलं चौथीचं पोर चौथीच्या धड्यावर बसवलं तर ते गप्प होतं, शब्दगटात बसवलं तर दुसऱ्या दिवशी वाचायला लागतं. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतंच. त्यावर 'इयत्ता चौथी'च्या शेजारी 'शब्दस्तर, वजाबाकी हातच्याची येत नाही' एवढं पेनाने लिहिलं की दिंडोरीच्या शाळेतल्या मॅडमना पहिल्याच दिवशी कळतं. खर्च शून्य.

डांगसौंदाण्याच्या पलीकडचा
कार्ड लिहून देऊ, पण बागेपासून ती शाळा तीन किलोमीटर आणि मुकादम सकाळी सहाला गाडी काढतो. दिंडोरीकडची समितीवाली मंडळी इथे असतील तर सांगा, तुमच्या शिवारात किती बागांवर मुलं उतरलीत याची यादी डिसेंबरच्या आत कोण करतं?