मदत हवी आहे : १९६७ च्या एमजीबीला ब्रेक बूस्टर कुठे आणि कसा बसवावा?

नमस्कार. माझ्याकडे १९६७ सालची, उजव्या स्टिअरिंगची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि चारही चाकांना मिळून ब्रेकच्या तेलाचे एकच सर्किट. कॅलिपर, व्हील सिलिंडर आणि रबरी होज नवे असून ब्रेक नीट लागतात, परंतु पेडल फार जोराने दाबावे लागते आणि पेडर रोडच्या उतारावर पुढची बस अचानक थांबली की पाय भरून येतो. बूस्टरने, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलच्या जोरात भर घालणाऱ्या भागाने, गाडी कमी अंतरात थांबेल अशी माझी समजूत नाही. पायाचे श्रम वाचावेत, इतकेच हवे आहे.

त्यासाठी लॉकहीडच्या धर्तीचा, मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबले की ब्रेकचे तेल ढकलणाऱ्या भागापासून) वेगळा बसणारा रिमोट बूस्टर घेतला आहे. खरा प्रश्न जागेचा आहे. उजवीकडे पेडल बॉक्स आणि स्टिअरिंगचा दांडा यांची दाटी आहे. डावीकडे इनलेट मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा, व्हॅक्यूम मिळतो तो भाग) जवळ असल्याने व्हॅक्यूमची होज आखूड पुरते, पण एक्झॉस्टही त्याच बाजूला आहे, आणि दादरच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली किती तापते हे सांगायला नको. डावीकडे बूस्टर बसवलेल्या कोणी मध्ये पत्र्याचा आडोसा लावला आहे का? शिवाय सिलिंडरचे तेल बाहेर जाणारे तोंड वर राहील असा बूस्टर तिरका बसवावा लागतो, नाहीतर हवा आत अडकून पेडल मऊच राहते. तसा ब्रॅकेट कोणी बनवून घेतला असल्यास कृपया मापे कळवावीत.

दुसरा प्रश्न पाइपांचा. मिस्त्री साधी तांब्याची नळी घालू म्हणतात. हादऱ्यांनी तांबे कडक होऊन तडकते, म्हणून मला ते मान्य नाही. लोखंडी नळी इथल्या खाऱ्या हवेत गंजते. ३/१६ इंची तांबे-निकेलची नळी कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला मिळेल का? गाडीचे आटे ३/८ यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, आहेत आणि दुकानदार सर्रास १० मिलिमीटरचे नट पुढे करतात, जे हाताने थोडे फिरतात आणि पाना लावला की आटे घेऊन जातात.

शेवटचे म्हणजे, एकच सर्किट असताना बूस्टर बसवावा की आधी टँडम (पुढच्या-मागच्या चाकांना दोन वेगळी सर्किटे देणारा) मास्टर सिलिंडर घालावा? टँडम घातल्यास हा एकच बूस्टर फक्त पुढच्या चाकांच्या सर्किटवर ठेवून मागचे ब्रेक तसेच सोडलेले चालतात का, हे प्रत्यक्ष तशी गाडी चालवणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल.