काजूच्या बागेत माकडतापापासून बचावासाठी कामेऱ्यांना कोणता पोशाख द्यावा?

प्रश्न : बागायतदार, दोडामार्ग तालुका

नमस्कार. आमची सुमारे ६ एकर काजूची बाग असून तिची एक बाजू थेट जंगलाला लागून आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत आमच्याकडे १४ कामेरी बी वेचायला येतात, त्यांत ११ स्त्रिया आहेत. २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण आढळू लागले आणि मागील हंगामात शेजारच्या वाडीतील एक वेचणारी बाई या तापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती. ती माझ्याच बागेत आली असती तर तिच्या घरच्यांना मी काय उत्तर दिले असते, हा विचार मनातून जात नाही.

म्हणून मी शहरातील एका दुकानातून करोनाच्या काळात वापरत असत तसे पांढरे, डोक्यापासून पायापर्यंतचे अंगरखे विकत आणले. एप्रिलच्या उन्हात अर्ध्या तासात सगळ्यांनी ते काढून टाकले आणि एका बाईला तर चक्कर आली. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही, परंतु आता दुसरे काय द्यावे, हे कळत नाही. शिवाय गुरांच्या गोचिडांवर वापरतो ते औषध पाण्यात मिसळून कपडे त्यात भिजवावेत, असे एकाने सुचवले आहे. तसे केले तर चालेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : आरोग्यसेविका, सावंतवाडी परिसर

दादा, आपण कामेऱ्यांसाठी एवढा विचार करता, हे वाचून समाधान वाटले. सर्वांत आधी औषधाविषयी लिहिते. गुरांचे औषध माणसाच्या कपड्यांना कृपा करून लावू नका. ते गुरांच्या अंगासाठी बनवलेले तीव्र कीटकनाशक असते. घामाने भिजलेल्या कपड्यांतून ते दिवसभर कातडीला लागत राहते आणि त्यामुळे आग होणे, पुरळ उठणे, डोकेदुखी असे त्रास होऊ शकतात. ते गुरांनाच आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने लावावे. त्याचा लाभ आपल्यालाही होतो, कारण मोठ्या गोचिडी गुरांवर पोसतात आणि चरून आलेल्या गुरांबरोबर त्या गोठ्यापर्यंत येतात.

आता पोशाखाविषयी. हा रोग पसरवणारी गोचीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती पातेऱ्यात (गळून पडलेल्या सुक्या पानांत) किंवा गवताच्या टोकावर बसून राहते, जवळून जाणाऱ्याच्या पायाला चिकटते आणि तेथून वर चढत जाते. माणसाला बहुतेक वेळा चावते ते तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते, चावलेले कळतही नाही. या पिल्लांचा सुळसुळाट साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत असतो, म्हणजे नेमका आपला काजूचा हंगाम. त्यामुळे डोके झाकण्याआधी घोटे झाकायला हवेत. गमबूट, त्यांच्या आत जाड पायमोजे आणि पायमोज्यांत खोचलेला पायजमा एवढे नीट जमले तर निम्म्याहून अधिक काम झाले, असे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

बायकांच्या बाबतीत खरी अडचण साडीची आहे. बी वेचताना बाई वाकते, साडीचा काठ पातेऱ्यावरून घासत जातो आणि आत पाय उघडेच असतात. आमच्या भागात बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात, तो चांगलाच आहे. त्याची बटणे मनगटापर्यंत लावायला सांगा. पण साडीच्या आत घट्ट पायजमा घालायला सुरुवातीला त्या संकोचतात. हे काम एखाद्या पुरुषाने फर्मान काढून होत नाही. त्यांच्यातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बाईला आधी पटवून द्या. तिने घातला की बाकीच्या आपोआप घालतात.

उघड्या राहणाऱ्या कातडीवर, म्हणजे हात, मान आणि कानामागे, गोचीडरोधक तेल लावावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेले डेपा तेल किंवा डीएमपी हे दुसरे तेल यासाठी वापरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करा. घामाने ते निघून जाते, म्हणून दुपारच्या जेवणानंतर पुन्हा लावावे. जेवणापूर्वी मात्र हात साबणाने धुवावेत.

उत्तर २ : सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, पुणे

आपल्या कामेऱ्यांनी अंगरखे काढून टाकले ते योग्यच केले, असे मी जबाबदारीने म्हणतो. तो पोशाख मुळात रक्त आणि शरीरातील इतर द्रव आत झिरपू नयेत यासाठी असतो. २०२० मध्ये निघालेल्या आयएस १७४२३ या भारतीय मानकानुसार त्याच्या कापडावर कृत्रिम रक्त दाबाने टाकून ते आरपार जाते का, हे तपासतात. जे कापड रक्त रोखते ते घामाची वाफही कोंडून ठेवते. वातानुकूलित खोलीत आम्ही प्रशिक्षित माणसेसुद्धा त्यात ठरावीक वेळच काम करतो आणि तो उतरवताना दुसरा सहकारी समोर उभा राहून प्रत्येक पायरी पाहतो. कोकणातील उन्हात सहा तास वाकून काम करणाऱ्या माणसाला तो घालणे म्हणजे एका धोक्याच्या जागी उष्माघाताचा दुसरा धोका आणणे होय.

धोका कोणत्या वाटेने येतो, हे पाहून पोशाख ठरवावा लागतो. या विषाणूची ओळख १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली तेव्हा पटली आणि त्या शोधाचे काम पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केले. पुढे या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतील कर्मचाऱ्यांनाही त्याची लागण झाल्याच्या नोंदी आहेत, कारण तेथे विषाणू गोचिडीविनाही हाताशी असतो. म्हणून प्रयोगशाळेत किंवा मेलेल्या माकडाचे शवविच्छेदन करताना अंगरखा, दुहेरी हातमोजे, एन-९५ मुखपट्टी आणि डोळ्यांचे संरक्षण हे सर्व लागते. बागेत मात्र विषाणू गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि माणसाकडून माणसाला हा रोग पसरत नाही. तेथे मुखपट्टीचा काही उपयोग नाही. घट्ट विणीचे सुती कापड आणि बंद घोटे यांचाच उपयोग आहे.

बागेत माकड मरून पडलेले दिसले तर आपल्या माणसांनी गमबूट घालूनही त्याच्या जवळ जाऊ नये. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात, त्यामुळे तीच जागा सर्वांत धोक्याची असते. त्या भागातील वेचणी थांबवून आरोग्य विभागाला आणि वनखात्याला कळवावे.

उत्तर ३ : काजू बागायतदार, सत्तरी, गोवा

२०१५ मध्ये आमच्या सत्तरी तालुक्यात हा ताप आला तेव्हा आम्हीही असेच गोंधळलो होतो. पुस्तकात फिकट रंगाचे कपडे घाला असे लिहिलेले असते आणि ते बरोबरही आहे, कारण पांढऱ्यावर पिल्लू चालताना दिसते. परंतु बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाचा डाग कपड्यावरून कधीच जात नाही, म्हणून कामेरी मुद्दाम जुने, गडद कपडे घालून येतात. आम्ही मध्यममार्ग काढला. शर्ट त्यांचाच राहू दिला आणि गुडघ्याखाली घालायला मांजरपाटाचे पांढरे, वर-खाली नाडी असलेले पायवेष्टन गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतले. ते बुटाच्या आत जाते, डागाळले तर मालकाचे डागाळते आणि बाईला साडीखाली घालतानाही संकोच वाटत नाही. दर तासाला एकमेकींचे पाय पाहायचे, असा नेम ठेवला आहे. बुटाच्या वरच्या कडेला रुंद चिकटपट्टी उलटी गुंडाळली तर चढणारी पिल्ले तिला चिकटून बसतात. मी स्वतः संध्याकाळी पट्टी उजेडात धरून त्यावरची मोजली आहेत.

दुसरी गोष्ट कपडे उतरवण्याची. आमच्याकडे पूर्वी कामेरी तेच कपडे घालून घरी जात आणि मुलांना मांडीवर घेत. आता मागच्या पडवीत कपडे बदलायला आडोसा केला आहे. गार पाण्याने धुतल्याने गोचीड मरत नाही, म्हणून न्हाणीतल्या भाणात (मोठ्या हंड्यात) पाणी कढत ठेवतो आणि उतरवलेले कपडे सरळ त्यात बुडवतो. मग त्या आंघोळ करतात आणि काखा, जांघा, केसांची मुळे तपासतात.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. १४ जणांसाठी गमबूट आणि पायवेष्टने सांगितली आहेत, पडवीला आडोसाही करतो. एक शंका उरली. हातमोजे घालून बोंडूची बी पिरगळता येत नाही, असे बायका म्हणतात. मग हातांचे काय करावे? आणि चिकटलेली गोचीड कशी काढावी?

आरोग्यसेविका

त्या म्हणतात ते खरे आहे, त्यामुळे हातमोज्यांचा हट्ट धरू नका. शर्टाच्या बाह्या मनगटावर घट्ट राहतील अशा करा, हातांना तेल लावा आणि पातेरा हाताने चाळण्याऐवजी काठीने बाजूला सारून बी उचलायला सांगा. विश्रांतीला पातेऱ्यावर बसू देऊ नका. झाडून घेतलेल्या जागेवर ताडपत्री अंथरा. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ वर ओढावी, बोटांनी चिरडू नये, तेल किंवा निखारा लावू नये आणि नंतर जागा साबणाने धुवावी.

सर्वांची नावे एका वहीत लिहून ठेवा. चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि कंबर मोडल्यासारखे अंग दुखू लागले तर त्या व्यक्तीला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा आणि ती काजूच्या बागेत काम करते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या रोगावर नेमके औषध नाही आणि जुन्या लशीचा वापर ती पुरेशी परिणामकारक नसल्यामुळे थांबला. लवकर रक्त तपासले गेले तर रक्तस्राव आणि पाण्याची कमतरता यांवर वेळेत उपचार करता येतात. त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवा, कारण मजुरी बुडेल या भीतीने बायका ताप लपवतात, हे मी वाडीवाडीत पाहिले आहे.