एपीके वाटायची मोकळीक अजून किती दिवस?

गिरगावचा_कोडर: गणपतीच्या वर्गणीसाठी मी एकट्यानेच ॲप बनवलं. दुपारी मंडळाच्या ग्रुपवर एपीके (अँड्रॉइड ॲपची फाईल, स्टोअरशिवाय थेट फोनवर टाकता येते) टाकली, संध्याकाळी पोरं दारोदार पावत्या फाडत होती (फोनवर, पण म्हणायचं फाडणंच). आयफोनसाठी आधी मॅक घ्या, मग ॲपलला वर्षाला ९९ डॉलर भरा, मग त्यांच्या तपासणीची वाट बघा. गूगलकडे एकदाच २५ डॉलर. एकट्यादुकट्याने अँड्रॉइडच धरावं.

बदलापूर_८_१२: फुकट वाटायचं तर तुमचं खरं. मी विकतो. माझे अँड्रॉइडवाले "फ्री व्हर्जन आहे का?" विचारतात, आयफोनवाले पैसे भरून मोकळे होतात. शिवाय आरटीओ चलानच्या नावाने नकली एपीके येते तीही व्हॉट्सॲपवरच. आमच्या सोसायटीत एका काकांचं खातं साफ झालं. आता त्यांनी तुमची फाईल कुठल्या भरवशावर उघडायची?

गिरगावचा_कोडर: काका मला लहानपणापासून ओळखतात, या भरवशावर! आणि विकायचं तर स्टोअरवाल्यांच्या ३० टक्के कमिशनचं काय?

बदलापूर_८_१२: वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत दोन्हीकडे १५ टक्केच. तुमची-माझी मजल तिथवर जाईल तेव्हा पार्टी देतो.

चाळकरी: दोघेही जुन्या अँड्रॉइडबद्दल भांडताय. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर प्ले स्टोअरवर यायच्या आधी सलग १४ दिवस चाचणी लागते. चाचणीला आधी २० माणसं लागायची, आता १२. आणि स्टोअरबाहेर वाटायचं तरी विकसकाने ओळख पटवायची, असं गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड. बाकीचे देश नंतर. आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला तेव्हा एपीके थेट वाटण्यात आडकाठी नको, असंही बजावलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका तो आदेश रद्द केला. दंडाचा आकडा सगळ्यांना पाठ, हे कुणी वाचलंच नाही.

गिरगावचा_कोडर: हे खरंच माहीत नव्हतं. ओळख पटवायला माझी ना नाही, आधार दाखवीन. पण मंडळाच्या पावतीपुस्तकाला कॅलिफोर्नियाच्या गूगलचा शिक्का कशाला?

बदलापूर_८_१२: मग वेबपेजच करा ना. आयफोनच्या सफारी ब्राउझरमधून होम स्क्रीनवर ठेवता येतं, शिक्का नको आणि एपीकेही नको.

गिरगावचा_कोडर: करतो. आमच्या खजिनदाराकडेच आयफोन आहे. त्याला यंदा कागदी पुस्तक दिलंय, रोज टोमणे मारतो.