आमदारांच्या मनःस्वास्थ्याची सोय करायची, तर सुरुवात स्वीय सहायकापासून व्हावी का?

अनुस्वार (धागाकर्ता):
नॉर्वेचे पंतप्रधान शेल मांग्ने बोनेविक यांनी १९९८ च्या ऑगस्टअखेरीस नैराश्यामुळे रजा घेतली, कारण जाहीर केले, सुमारे तीन आठवड्यांनी ते कामावर परतले आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधानही झाले. त्यांच्या मोकळेपणाचे कौतुक होते ते रास्तच आहे. परंतु त्या काळात आन्ने एंगर लानस्टाइन या सहकारी मंत्र्यांनी कारभार पाहिला म्हणून ती रजा निभावली, याकडे फारसे कोणी पाहत नाही. आपल्या आमदारांच्या मतदारसंघातील कार्यालयात अशी कामाची वाटणीच नसते. ‘साहेबांचा नंबर’ म्हणून गावोगाव पोहोचलेला मोबाइल बहुधा स्वीय सहायकाच्या खिशात असतो. धर्मादाय रुग्णालयातील निर्धनांसाठी राखीव दहा टक्के खाटांपैकी एक मिळवून द्या, असा रात्री दोनला आलेला फोन तोच घेतो, खाट मिळाली नाही तर नातेवाइकांच्या शिव्या तोच खातो, आणि सकाळी आठला साहेबांच्या मागे दशक्रिया विधीला उभा असतो. सोय करायचीच असेल तर ती आधी या माणसाची व्हावी, आणि तीही साप्ताहिक सुट्टी व रात्रीच्या फोनची पाळी यांपासून. समुपदेशन त्यानंतर.

करदाता:
पूर्णपणे असहमत. आशा सेविकेलाही रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी धावावे लागते. तिच्यासाठी कोणी समुपदेशक नेमला आहे? स्वीय सहायक होणारी ही मुले सत्तेच्या जवळ राहता यावे म्हणून स्वखुशीने येतात आणि पुढेमागे तिकीट मिळेल या आशेवर राबतात; त्या आशेची किंमत सरकारी तिजोरीने का मोजावी? शिवाय रुग्णालयाने नियमानुसार खाट दिली, तर आमदारांना फोन करावाच लागणार नाही. पैसा तिथे खर्च करा. बाकी ज्याला मदत हवी, त्याच्यासाठी टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे.

निवृत्त कक्ष अधिकारी:
येथे दोन वेगळ्या नोकऱ्यांची गल्लत होत आहे. मंत्र्यांच्या आस्थापनेवर शासकीय सेवेतून आलेल्या खासगी सचिवाला रजेचे नियम लागू असतात आणि असह्य झाले तर मूळ विभागात परतता येते. आमदारांच्या बाबतीत मात्र एका स्वीय सहायकाचे मानधन शासन देते, बाकीची मंडळी साहेबांच्या मर्जीवर असतात, आणि साहेब पडले की सगळेच घरी बसतात. खुद्द आमदारांचे म्हणाल, तर अनुच्छेद १९०(४) नुसार परवानगीविना साठ दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त घोषित करू शकते, म्हणजेच परवानगी घेऊन गैरहजर राहण्याची वाट मोकळी आहे. लग्नकार्य आणि मयतीला न जाण्याची परवानगी कोणाकडे मागायची, हे संविधानात नाही.

वऱ्हाडी:
वाट असली तरी तिच्यावरून जाणार कोण? अमेरिकेत १९७२ मध्ये थॉमस ईगल्टन यांनी पूर्वी नैराश्यावर विजेचे उपचार घेतल्याचे उघड झाले आणि उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना काही दिवसांतच सोडावी लागली. आपल्याकडे अनुच्छेद १९१(१)(ख) मध्ये मनोविकलतेवरून अपात्रता आहेच. विधानभवनात समुपदेशक बसवलात, तर त्याच्या दारात कोण दिसले याची बातमी संध्याकाळपर्यंत विरोधकांकडे पोहोचेल, आणि त्याही आधी स्वपक्षातल्या इच्छुकांकडे.

अनुस्वार:
आशा सेविकेला सोय मिळायलाच हवी. पण तिला ती मिळालेली नाही म्हणून इतरांनाही नको, हे कसे? वऱ्हाडी, त्या अपात्रतेसाठी सक्षम न्यायालयाची घोषणा लागते, नैराश्याची गोळी घेतल्याने पद जात नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्कही दिला आहे. तरी विधानभवनात समुपदेशक नको, हे तुमचे म्हणणे मला पटते. ब्रिटिश संसदेत २०१८ पासून खासदारांच्या कर्मचाऱ्यांनाही छळाविरुद्ध स्वतंत्र योजनेखाली दाद मागता येते. आपल्या कायद्यातही याला जवळचा नमुना आहे: लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयांकरिता, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हा, जिल्ह्यात स्थानिक समिती असते. आमदारांच्या कार्यालयातही मालक एकच असतो. कामाचे तास, अपमान, थकलेले मानधन यांसाठी अशीच समिती का नसावी?

करदाता:
समितीला हरकत नाही, तिचा खर्च थोडा असतो. पण फोनची पाळी लावायची तर दुसरा माणूस लागेल, आणि त्याचा पगार आमदारांनी स्वतःच्या भत्त्यातून द्यावा.

निवृत्त कक्ष अधिकारी:
ते मान्य. समितीत मात्र एक अडचण राहते. ती जिल्हा प्रशासनाने नेमायची, आणि त्याच प्रशासनाच्या आढावा बैठकीत आमदार समोरच्या खुर्चीवर बसणार. तिथे त्यांचाच सहायक तक्रार घेऊन कसा जाईल? शेजारच्या जिल्ह्यात तक्रार देण्याची मुभा ठेवली, तर निदान एखादा तरी तिकडे वळेल.