आधी उतरायला शिका

पार्कूरमध्ये, म्हणजे धावत-उड्या मारत अडथळे पार करण्याच्या प्रकारात, छतावरून छतावर उडी कधी सुरू करावी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर छत सध्या विसराच. पहिले काही महिने सगळं जमिनीलगतच करायचं.

उडीपेक्षा उतरणं अवघड. चवड्यांवर उतरायचं, टाचा आपटायच्या नाहीत, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत आणि काटकोनाहून जास्त वाकवायचे नाहीत. कान उघडे ठेवा: धप्पकन आवाज आला म्हणजे धक्का सांध्यांनी खाल्ला. मी थेट कमरेएवढ्या कठड्यावरून सुरुवात केली होती, ती चूकच. गुडघ्याएवढी उंची पुरते.

रोल, म्हणजे उतरल्यावर धक्का जिरवायला घेतलेली लोळण, गवतावर किंवा मॅटवर शिका. तो कोलांटउडीसारखा सरळ नसतो. एका खांद्यावरून तिरका, पाठीवरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे जातो. डोकं टेकवायचंच नाही. मणक्यावरून गेलात तर काँक्रीट लगेच सांगतं!

प्रिसिजन जंप, म्हणजे ठरलेल्या जागी नेमकं उतरून थांबायची उडी, आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवर. दहापैकी दहा वेळा न डगमगता थांबता आलं, की मग कठडा. तोही आधी हाताने दाबून, ओल-वाळू-सुटी वीट बघून. आणि दमल्यावर ‘आता एक शेवटची’ नको. माझा घोटा त्या शेवटच्या उडीतच मुरगळला होता.