सिग्नलला काटा वर, हायवेला नॉर्मल: पंखा की थर्मोस्टॅट?

प्रश्न: पेट्रोल हॅचबॅक. पाच मिनिटं उभी राहिली की टेंपरेचरचा काटा चढतो, ८० च्या वेगाला खाली येतो. कूलंटची पातळी बरोबर आहे. आधी काय बघावं?

उत्तर १: पंखाच. वेगात वाऱ्यानेच रेडिएटर गार होतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. एसी लावा. पंखा फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला करंट जोडणारा स्विच). तेही ठीक असतील तर मोटरचा कनेक्टर काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली तर मोटर चांगली, दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. हात मात्र लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

उत्तर २: थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) बंद अडकला असता तर हायवेलाही तापली असती, अशा वेळी रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कढत, खालचा गार लागतो. पंखा फिरत असेल तर कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरमधल्या फटीत टॉर्च मारून बघा. धूळ आणि किड्यांचा थर बसतो तिथे. पाणी इंजिनाच्या बाजूने, हलक्या धारेने. प्रेशर वॉशरने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

उत्तर ३: आणि गरम असताना रेडिएटर कॅप उघडू नका, कृपया! दाब सुटला की कूलंट उसळून थेट तोंडावर येतं.